खोक्याखालची रोपं

१

भिंगकाकांचं दुकान खाली आणि घर वर. त्यामुळे यांचं निम्मं आयुष्य जिन्यातच गेलं, असं काकू म्हणायच्या. दुकान चष्म्यांचं. गल्लीतल्या पोरांनी कधीतरी 'भिंगकाका' म्हणायला सुरुवात केली आणि मग म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही तेच नाव उचललं. माणूस सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या घालाल. मीही घातल्यात.

काकूंना गेल्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली ती गेलीच. जीभही जड झाली. बोलायच्या, पण एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढल्यासारखा. डोकं मात्र शाबूत होतं आणि थट्टेची खोड तर त्याहून शाबूत. सकाळी काका चहा करायचे, बशीत गार करून पाजायचे. मग मावशी यायच्या. अंग पुसणं, कूस बदलणं, कपडे बदलणं हे त्यांचं काम. तोंडानं फटकळ, हातानं हलक्या. सकाळचं आवरून त्या गेल्या की काका खाली दुकान उघडायचे; दुपारी आणि संध्याकाळी मावशी पुन्हा फेरी मारायच्या. पलंगाच्या कठड्याला काकूंच्या डाव्या हाताशी एक घंटी बांधलेली होती. ती वाजली की काका हातातलं भिंग टाकून जिना चढायचे. कधी पाणी हवं असायचं, कधी पाठ खाजत असायची. कधी काकू नुसत्याच म्हणायच्या, "काही नाही. पाहिलं. येता का."

बिया आल्या त्या बागेतल्या बाईंकडून. या बाई सरकारी वनस्पती-बागेत कामाला होत्या. दूरचा चष्मा करायला आल्या, वर काकूंना भेटायला म्हणून गेल्या आणि तिथंच रमल्या. बोलता बोलता एका झाडाचा विषय निघाला. काकूंच्या माहेरी परसात ते होतं. पानं झडून गेली की नागव्या फांद्यांना पिवळट पांढऱ्या फुलांचे झुबके लागायचे आणि वास सगळ्या आळीभर पसरायचा. पुढे कुणीतरी ते तोडलं.

"ते आता शोधूनही सापडत नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या माहितीत एकच उरलंय, पार कड्याच्या टोकाला. त्याच्या बिया आम्ही वाटतोय, रोपं झाली की नेऊन तिथंच लावणार. पण भलत्या हट्टी आहेत. रुजली एखादी तर नशीब."

काकूंनी डाव्या हातानं काकांची बाही धरली. "घ्या," त्या म्हणाल्या. गेल्या वर्षभरात त्यांनी हौसेनं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. काकांना नाही म्हणवेना.

बी खरोखरच दगड होतं. कवच एका बाजूनं घासून आतला पांढुरका भाग दिसू द्यायचा, मगच पाणी आत शिरतं. माळी लोकांना हे कानशीनं करताना नाकी नऊ येतात. आपल्या काकांनी ते भिंगं घासायच्या चाकावर केलं. केसभर जास्त घासलं तर आतला कोंब जायचा. पण केसभर म्हणजे किती हे ज्याला कळतं तो हाच माणूस. पुढे ऊब हवी होती. दिवसरात्र, सारखी, मंद. काकांनी बिया ओल्या फडक्यात गुंडाळून एका डबीत घातल्या आणि ती डबी काकूंच्या पांघरुणात, त्यांच्या लुळ्या हाताच्या कुशीत ठेवून दिली.

"अंडी," काकू म्हणाल्या. थांबून थांबून वाक्य पुरं केलं. "उबवायला. बसवलंय. मला."

"मग? एरवी नुसती लोळतेसच की," काका म्हणाले, आणि दोघंही हसली.

पंधरवडा गेला आणि काकूंनी सकाळी सकाळी घंटी बडवली. काका धावत गेले तर त्या म्हणाल्या, "हलतंय." त्या हाताला स्पर्शसुद्धा कळत नव्हता. पण डबी उघडली तेव्हा चार बियांना मोड आले होते.

२

चार रोपं मातीच्या पिशव्यांत लावून काकांनी गॅलरीत एका लोखंडी ट्रेमध्ये ठेवली. पानं चिंचेच्या पानांसारखी, जोडीजोडीनं. संध्याकाळी मिटायची, सकाळी उघडायची. अशी झाडं असतात, त्यात नवल काही नाही. काका रोज ट्रे थोडा फिरवायचे, म्हणजे खोडं सरळ वाढतील. मग आत येऊन काकूंना सगळी बातमी द्यायचे. आज नवं पान आलं. आज मुंगी चढली होती. काकू डोळे मिटून ऐकायच्या.

एके दिवशी भर दुपारी काका पाणी घालायला गेले तर पानं मिटलेली. लख्ख ऊन होतं, माती ओलसर होती. थोड्या वेळानं पाहिलं तर उघडलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काकांनी बागेतल्या बाईंना फोन लावला.

"कडक उन्हात मिटतात हो कधी कधी. सावलीला ठेवा," बाई म्हणाल्या.

सावलीला ठेवली. तिथंही दुपारी मिटायची, आणि ढगाळ दिवशीसुद्धा मिटायची. काका पडले चिकित्सक. डोळ्यांचा नंबर काढताना माणसाला दहा वेळा विचारणारे, हे बरं दिसतं की ते. त्यांनी लक्ष ठेवलं. आणि एका दुपारी आतून काकूंच्या घोरण्याचा आवाज आला, त्याच सुमाराला काकांच्या डोळ्यांदेखत चारही रोपांनी पानं खाली सोडली.

"छे!" काका स्वतःशीच म्हणाले. "म्हातारचळ लागला मला."

पण खूळ एकदा डोक्यात शिरलं की जात नाही. पुढचे काही दिवस त्यांनी हाच उद्योग केला. गॅलरीतून आत, आतून गॅलरीत. काकूंचा डोळा लागला की पानं मिटायची. कुणाच्या गाडीचा भोंगा वाजून त्या दचकून जाग्या झाल्या की पानं उघडायची. मग एका दुपारी मेळ चुकला. काकू डोळे मिटून शांत पडलेल्या होत्या, श्वास संथ चालला होता, आणि रोपं मात्र टक्क उघडी. काकांना हायसंच वाटलं. चला, योगायोग होता. ते पलंगाशी आले, थोडे घुटमळले आणि गमतीनं म्हणाले, "जागी आहेस ना गं?"

काकूंनी एक डोळा उघडला. "कसं कळलं?"

काका चपापले. तरी हसून म्हणाले, "मला सगळं कळतं. सोंग कशाला पण?"

काकू बराच वेळ शब्द जुळवत राहिल्या. "मी झोपले. की तुम्ही. टेकता जरा."

म्हणजे ही बाई दुपारी दुपारी झोपेचं सोंग घेऊन पडून राहायची, नवऱ्याला घटकाभर आराम मिळावा म्हणून. काकांना भरून आलं. त्या दिवशी त्यांनी दुपारनंतर दुकान उघडलंच नाही, तिच्या उशाशी बसून राहिले. गोष्ट इथंच संपली असती तर किती बरं झालं असतं.

३

भिंगाला दोन बाजू असतात. इकडून पाहिलं की एक दिसतं, तिकडून पाहिलं की दुसरं. काकांच्या धंद्यातलाच हा विचार. काकू झोपल्या की पानं मिटतात, ठीक आहे. पानं मिटली तर?

दुकानात फ्रेमांचा एक रिकामा खोका होता. काकांनी त्याला आतून काळं कापड लावलं, कोपऱ्यांना चिकटपट्टी मारली. प्रयोग म्हणून हो, दुसरं काय! दुपारी काकूंना कुस्करलेलं केळं भरवायचं काम मावशींवर सोपवून ते गॅलरीत गेले आणि ट्रेवर खोका पालथा घातला. अंधारात पानं मिटायला थोडा वेळ लागतो. काका कठड्याला टेकून खालचा रस्ता बघत उभे राहिले.

"अगंबाई! काका!" आतून मावशी ओरडल्या.

काकूंच्या तोंडात घास तसाच होता. मान उशीवर कलली होती, डोळे मिटलेले. मावशींनी बोट घालून घास काढला, गालावर चापट्या मारल्या. "काकू! ओ काकू!" काही नाही. श्वास मात्र चालू, अगदी संथ.

काका पळत गॅलरीत गेले आणि खोका उचलला. परत येईपर्यंत काकू जाग्या झाल्या होत्या. त्यांनी काकांचं मनगट पकडलं. त्यांच्या डाव्या हातात एवढी ताकद असेल असं काकांना वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं. काहीतरी म्हणायचं होतं, पण शब्द सापडेना, नुसते ओठ हलत राहिले.

"स्वप्न पडलं वाटतं," काका म्हणाले.

"भरल्या तोंडानं कुणाला स्वप्न पडतं?" मावशी म्हणाल्या. "डॉक्टरला दाखवा."

डॉक्टरांना दाखवलं. अशा आजारात गुंगी येते म्हणाले. काकांनी मान डोलावली. खोक्याबद्दल बोलले नाहीत. बोलणार तरी काय, शहाण्या माणसानं?

४

त्यांनी पुन्हा तसं करायचं नाही असं ठरवलं होतं, हे मला ठाऊक आहे. पण माणूस दमलेला होता हो. वर्षभर सलग झोप नाही. घंटी वाजली की उठा, बसवा, पाजा, पुसा. त्यातून काकूंचा एक दिवस असा आला की सकाळपासून घंटी थांबेचना. पाणी नको, औषध नको, कूस बदलून नको, काय हवं ते सांगता येईना आणि राग मात्र अनावर. भांडं भिरकावलं. काका कपाळाला हात लावून बसले. मग उठले, गॅलरीत गेले, आणि घर शांत झालं.

ती शांतता त्यांना गोड लागली. इतकी की आधी ते नुसतेच खुर्चीत बसले, मग खुर्चीतच झोपले. उठले तेव्हा अंगातला शीण उतरला होता. खोका काढला. काकूही शांत होत्या, राग गेला होता, भिंतीकडे बघत पडून होत्या. बघा, दोघांनाही आराम, काकांनी मनाशी म्हटलं. तिलाही झोप हवीच की.

एकदा सवड सापडली की माणूस तिला हक्क म्हणायला लागतो. आधी दुपारची डुलकी. मग दुकानात गर्दी असेल तेव्हा. मग समोरच्या शिंप्याकडे पत्त्यांचा डाव बसायचा त्या वेळी. हा शिंपी काकांचा जुना दोस्त. वर्षभर डावातला चौथा भिडू नव्हता, तो परत आला म्हणून खूश झाला.

"वहिनींची तब्येत सुधारली वाटतं," शिंपी म्हणाला.

"झोप लागते आता तिला," काका म्हणाले. तसं ते खोटं नव्हतं, असं त्यांना वाटत होतं.

एकदा शिंपी वर चहाला आला. काकू पलंगावर निपचित होत्या. तो दबक्या आवाजात बोलायला लागला तर काका म्हणाले, "मोठ्यानं बोल रे, ढोल वाजवलास तरी उठायची नाही." मग दोघं तिथंच, तिच्या पायथ्याशी बसून गप्पा मारत बसले. बोलण्याच्या ओघात काका म्हणाले, "खरं सांगू? ही झोपली की मी माणसात येतो. कधी कधी वाटतं, अशीच शांतपणे सुटली तर तीही सुटेल आणि मीही." शिंप्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. असं बोलतात माणसं, दमल्यावर. एवढंच की ती ज्याच्याबद्दल बोलतात ते माणूस सहसा त्या खोलीत नसतं.

५

मावशींना काहीतरी खटकत होतं. अंग पुसता पुसता त्या एकदा म्हणाल्या, "काका, या हल्ली बोलत नाहीत."

"आजारच तसा आहे."

"आजार जुना आहे. हे नवं आहे." मावशींनी टॉवेल पिळला. "मी गप्पा मारते तेव्हा ऐकतात. हसतातसुद्धा. तुमची पावलं वाजली की गप्प. आणि तुम्ही गॅलरीकडे निघालात की माझा पदर धरून ठेवतात. काल सोडवता सोडवेना."

"गॅलरीत काय वाघ आहे?"

"ते मला काय माहीत? तुमची गॅलरी, तुमची बायको."

काकांनी विषय झटकला. पण त्या दिवशी ते मुद्दाम काकूंसमोरून गॅलरीकडे गेले आणि मान वळवून पाहिलं. काकू त्यांच्याकडेच बघत होत्या. डोळे मोठे करून, ओठ घट्ट मिटून, डावा हात उशीवर आपटत. नको, नको, असं त्यात होतं हे एखाद्या परक्यालाही कळलं असतं. काकांना काय वाटलं सांगू? राग आला. रोपांना पाणी घालायचीही चोरी झाली की काय, असं वाटलं. त्या दिवशी खोका ठेवायचा नव्हता तरी त्यांनी ठेवला.

रोपंही उतरली होती. पानांचा हिरवा रंग फिका पडत चालला होता आणि खोडं वाजवीपेक्षा उंच झाली होती. बागेतल्या बाईंनी फोनवर विचारलं, "कशी आहेत आपली बाळं? महिनाभरात न्यायला येते. कड्यापाशीच लावायचीत." काका म्हणाले, मजेत आहेत.

६

पत्त्यांच्या टोळीनं धरणावर सहल काढली. सकाळी जायचं, दुपारी परत. शिंपी येणार नव्हता, त्याला कुणाच्या तरी लग्नाचे कपडे पुरे करायचे होते. मावशींना नातवाला बघायला गावी जायचंच होतं. काकांनी त्यांना आपणहून दोन दिवस सुटी दिली. काकूंना चहा पाजला, कूस बदलली, पांघरूण नीट केलं. डोळ्याला डोळा मात्र दिला नाही. खोका ठेवला, घराला कुलूप लावलं, आणि जिना उतरताना शीळसुद्धा घातली.

दिवस छान गेला. पाण्यात पाय सोडून बसले, पोट धरून हसले. परतताना मात्र पुलावर एक मालमोटार आडवी झाली होती. मागे गाड्या, पुढे गाड्या. दुपार गेली. ऊन कलायला लागलं. त्यांनी शिंप्याला फोन केला. घराची एक किल्ली त्याच्याकडे असायची.

"जरा वर जाऊन बघ ना रे."

शिंपी वर गेला. फोन चालूच होता. काकांना जिन्याच्या पायऱ्या ऐकू आल्या, कुलूप ऐकू आलं, आपल्याच घराचं दार ऐकू आलं.

"गाढ झोपल्यात," शिंपी म्हणाला. "चेहरा शांत आहे अगदी. उठवू?"

आता इथं बघा. एक वाक्य बोलायचं होतं. गॅलरीत जा आणि रोपांवरचा खोका काढ. बस, एवढंच. काकांच्या जिभेवर ते आलंसुद्धा. पण शिंपी विचारणार, का? मग रोज झाकून ठेवतो हे सांगावं लागणार. शिंपी हसेल. किंवा हसणार नाही, आणि ते जास्त वाईट.

"नको," काका म्हणाले. "झोपू दे तिला."

"बरं. दिवा लावून ठेवू?"

"राहू दे. येतोच आहे मी."

रस्ता मोकळा झाला तो दुसऱ्या दिवशी.

७

काका पोचले तेव्हा सकाळ संपत आली होती. गल्लीत नेहमीची वर्दळ. जिना चढताना त्यांना घसघस असा आवाज आला, कागदावर कागद घासल्यासारखा. दार उघडल्यावर तो थांबला.

ते आधी काकूंकडे गेले नाहीत. आधी गॅलरीत गेले. याचं त्यांना पुढे फार लागून राहिलं, की आपण आधी तिच्याकडे गेलो नाही.

खोका उचलला. उचलताना जड लागला, कारण आतून काहीतरी त्याला चिकटलं होतं. चारही रोपं वीतवीत वाढली होती. एका दिवसात. पांढरी, दोऱ्याएवढी बारीक, पानं नावालाही नाहीत. एका कोपऱ्याची चिकटपट्टी सुटून तिथून उजेडाची रेघ आत येत होती, आणि चारही वाकून, एकमेकांवरून चढून, त्या फटीत तोंड खुपसून बसली होती. खोक्याच्या कापडावर त्यांच्या घासण्याचे पांढरे ओरखडे होते.

खोलीतून पलंग करकरला.

तो पलंग करकरायचा तो माणूस आपल्या जोरानं उठून बसला की. वर्षभर तो करकरला नव्हता.

"अगं?" काका म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "अगं, आलो मी."

खोलीचं दार लोटलेलं होतं. काकांनी ते बोटभर उघडलं. आत अंधार, जाड पडदे ओढलेले, फक्त खिडकीच्या मधोमध एक फट, तिच्यातून ऊन. त्या फटीत पाच बोटं होती. पडद्यांच्या मधून बाहेर निघायला बघत होती. पांढरी, आणि बोटांना असतात त्याहून जास्त पेरं असल्यासारखी लांब. बोटांमागे हात होता. तो खुर्चीच्या पाठीवरून, औषधांच्या टेबलावरून, तसाच पलंगाकडे अंधारात गेला होता. उजवा हात होता तो.

काकांनी डोळे मिटून घेतले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. घामानं काच माखली होती हे खरं. रात्रभर झोप नव्हती हेही खरं. चष्मा लावून पाहिलं तेव्हा काकू पलंगावर होत्या, पांघरुणात, हात हातांच्या जागी. तोंड तेवढं खिडकीकडे होतं. टेबलावरची औषधाची बाटली जमिनीवर फुटून पडली होती. वाऱ्यानंही पडते बाटली. खिडकी बंद होती.

काकांनी पडदे बाजूला सारले, गुडघ्यांवर बसले आणि पोर रडावं तसे रडायला लागले. "चुकलो मी. चुकलो गं." काकू उजेडाकडे बघत राहिल्या.

८

तीन रोपं उन्हात तग धरेनात, आडवी झाली. एक जगलं. खोडात जोर आला, पानं फुटली, रंग परत आला. पण ती पानं आता मिटत नव्हती. दुपारी नाही, रात्री नाही. काकूही झोपत नव्हत्या. डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या. मावशी डोक्याला तेल चोळायच्या, पाय चेपायच्या. काही उपयोग नाही. डोळे उघडे, काकांवर. खोका काकांनी जाळून टाकला होता आणि तसं तिला सांगितलंही होतं. त्यांना वाटायचं, तिनं एकदा ओरडावं, भांडं फेकावं. पण ती नुसती बघायची.

मग बागेतल्या बाईंचा फोन आला, दुपारी गाडी घेऊन येते म्हणून. काका पलंगाशी बसले. रोप इथून गेलं तर काय होईल? तिकडे ऊन, वारा, गुरं. कुणी ओरबाडलं तर? आणि इथं ठेवलं तर आपण आहोतच.

"तुझं रोप न्यायला येतायत," ते म्हणाले. "नको म्हणून सांगतो. माझ्या नजरेसमोर राहील. मी जिवापाड जपेन. शपथ."

काकूंचे ओठ हलले. किती तरी दिवसांनी. काका पुढे वाकले.

"झोप," काकू म्हणाल्या. "नव्हती. ती."

"काय?"

"अंधार. नुसता. हलता. येईना." त्या थांबल्या, श्वास घेतला. "ऐकू यायचं. सगळं."

काकांना शिंपी आठवला, पायथ्याशी बसून प्यायलेला चहा आठवला. तोंडातून एवढंच निघालं, "प्रत्येक वेळी?"

"हाका मारत होते," काकू म्हणाल्या. "तुम्हाला."

रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. बाईंनी खालून हाक दिली. काकूंनी डावा हात उचलून काकांच्या हातावर ठेवला, रागानं नव्हे, आणि शब्द एकेक करून, काळजीपूर्वक, पुन्हा सांगावे लागू नयेत असे सांगितले.

"द्या त्यांना. तुमचा हात. पोचणार नाही. तिथं. लावू देत."

काकांनी रोप उचललं. जिना उतरून बाईंच्या हातात दिलं. "एकच?" बाई म्हणाल्या, "असू दे, एक तर एक. तुम्ही हात लावलात म्हणून जगलं हो." काकांनी नमस्कार केला. गाडी वळेपर्यंत दारात उभे राहिले आणि मग वर आले.

काकूंनी डोळे मिटले होते. कितीतरी दिवसांनी मिटले होते. श्वास संथ चालला होता, चेहऱ्यावर ऊन होतं. काका उशाशी बसले. खरंच झोपली असेल का? की सोंग असेल? की ते दुसरंच असेल? सांगणारं आता गॅलरीत कुणी नव्हतं.

"अगं," काकांनी हळूच हाक मारली.

पापणी हलल्यासारखी वाटली. की नसेलही.

"अगं, ऐकतेस ना?"

त्यांनी पुन्हा हाक मारली. मग लग्नानंतर कधी घेतलं नव्हतं ते तिचं माहेरचं नाव घेऊन मारली. मावशी संध्याकाळी आल्या तेव्हा त्यांचा घसा बसला होता, तरी ते हाका मारतच होते, आणि काकू ओ देत नव्हत्या.